वाचनालयाचे आकडे: मार्चमध्ये डोकं धरून बसायचं नसेल तर हे वाचा

मार्चचा शेवटचा आठवडा आला की आमच्या परळच्या वाचनालयात एक ठरलेला प्रसंग होतो, कार्यवाह काका चष्मा कपाळावर चढवून काउंटरशी येतात आणि विचारतात, "ताई, यंदा एकूण वाचक किती आले ओ?" आणि पहिल्या वर्षी मी काय केलं असेल, तर सभासदांचा आकडा घेतला, वर्षाचे उघडे दिवस घेतले, मनाने एक टक्केवारी धरली आणि कॅल्क्युलेटरवर गुणाकार मारून दिला. तपासणीला साहेब आले, त्यांनी वाचनकक्षाकडे बघितलं, खुर्च्या मोजल्या, चोवीस, आणि शांतपणे विचारलं, "एवढी माणसं रोज बसतात कुठे?" त्या दिवशी चहा पण गोड लागला नाही. तेव्हापासून मी आकड्यांचं जरा सिरियसली घेते, आणि आता आजूबाजूच्या दोन-तीन वाचनालयांतल्या मुली मलाच फोन करून विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकूया.

आधी हे की आकडे मागतं कोण. आपलं वाचनालय शासनमान्य असेल तर ते १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली येतं आणि अनुदानाचे नियम १९७० चे, वाचनालयांचे अ ब क ड हे वर्ग त्यातूनच आले. वार्षिक अहवाल जातो जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे, मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे आहेत तर आपलं नक्की कुठल्यात ते नवीन माणसाने आधी बघून घ्या (हसू नका, चुकीच्या ऑफिसात फाइल घेऊन गेलेले लोक मला माहितेत). वर्ष म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च. याशिवाय वार्षिक सभेला सभासद विचारतात, देणगीदार विचारतात, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाची पुस्तकं मिळत असतील तर त्याचाही हिशोब लागतो. म्हणजे एकच आकडा चार ठिकाणी जाणार, आणि चारही ठिकाणी तोच गेला पाहिजे. आमच्याकडे एका वर्षी सभेच्या अहवालात ग्रंथसंख्या वेगळी, ऑडिटच्या कागदात वेगळी आणि शासनाच्या फॉर्ममध्ये तिसरीच, तिन्ही आम्हीच लिहिलेल्या.

आता मुख्य गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. आकडे दोन जातीचे असतात. एक, ३१ मार्चला संध्याकाळी कुलूप लावताना "आहेत किती" हा आकडा: पुस्तकं किती, सभासद किती, चालू मासिकं किती. दुसरा, वर्षभरात "झालं किती": देवघेव किती, माणसं किती वेळा आली, कार्यक्रम किती झाले. पहिल्या जातीचा आकडा कधीही मोजता येतो, विसरलात तर एप्रिलमध्ये कपाटं उघडून बसा, होईल. दुसऱ्या जातीचा आकडा त्या दिवशी नाही लिहिला तर गेला, तो कुठल्याच कपाटात सापडत नाही. म्हणून रोजची मेहनत दुसऱ्या जातीवर घ्यायची. आणि दोन्हींची बेरीज करू नका प्लीज, मी बघितलंय, एका अहवालात "एकूण लाभार्थी" म्हणून सभासद अधिक वाचक अधिक कार्यक्रमाची उपस्थिती असा एक मोठा थोरला आकडा होता, त्यात तोच माणूस तीनदा मोजलेला.

पुस्तकांचं आधी उरकूया, ते सोपं आहे. दाखल नोंदवहीतला (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन चढवतो ती वही) शेवटचा क्रमांक बघा आणि त्यातून आजपर्यंत बाद केलेली सगळी पुस्तकं वजा करा. समजा शेवटचा दाखल क्रमांक १४,२१८ आणि बाद यादीतली एकूण १,९०२, तर शिल्लक १२,३१६. आता दुसरीकडून या: मागच्या वर्षअखेरची शिल्लक ११,९६०, यंदाची खरेदी ३१०, देणगी ९६, यंदा बाद ५०, उत्तर परत १२,३१६ आलं पाहिजे. नाही आलं तर नव्वद टक्के वेळा गडबड देणगीत असते, कोणीतरी आजोबांचं कपाट रिकामं करून टेम्पोने पुस्तकं पाठवतं, मुंबईत घरं रिडेव्हलपमेंटला गेली की हे फार होतं, आणि ती पुस्तकं दाखल न करताच कोपऱ्यात पडून राहतात पण आभाराच्या पत्रात "२०० पुस्तके" लिहिलेलं असतं. दाखल झालं ते पुस्तक, बाकी रद्दी की खजिना ते नंतर ठरेल, पण आकड्यात नाही. दिवाळी अंकांना दाखल क्रमांक देऊ नका, त्यांची वेगळी वही ठेवा. गहाळ पुस्तकं कमिटीच्या ठरावाशिवाय परस्पर बाद करू नका, इतिवृत्तात त्याची ओळ हवी.

सभासदांमध्ये एकच भानगड असते: नाव आहे पण वर्गणी दोन वर्षं आलेली नाही, असे लोक. त्यांना धरायचं का? आमच्या कमिटीत यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. काका म्हणाले "अहो पन्नास वर्षांचे मेंबर आहेत, काढायचे कसे." मी म्हटलं काढू नका, पण "चालू वर्गणीदार" असा वेगळा रकाना करा आणि अहवालात तोच आकडा द्या. किर्दीतली (रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली) वर्गणीची जमा आणि हा आकडा एकमेकांना जुळतो, ऑडिटर पण खूश. बालसभासद आणि आजीव वेगळे दाखवा.

देवघेव. इथे नियम एकच ठेवा, पुस्तक बाहेर गेलं की एक. परत आलं त्याचं काही मोजायचं नाही. मुदत वाढवली तर? अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयांच्या सरकारी सर्वेक्षणात, जे तिकडे १९८८ पासून दरवर्षी होतं, मुदतवाढ पण देवघेवीत धरतात. आपल्याकडे बरीच वाचनालयं धरत नाहीत. मी म्हणते दोन रकाने ठेवा, नवीन देवघेव आणि मुदतवाढ, मग कोणी कसंही विचारलं तरी उत्तर आहे. वाईट एकच, की एका वर्षी धरायची आणि पुढच्या वर्षी नाही, मग आलेख एकदम खाली जातो आणि कमिटीला वाटतं वाचन कमी झालं. दिवाळी अंक योजना असेल तर तो आकडा पूर्णपणे बाजूला काढा, कारण दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने आपल्याकडे अंकांसाठी जी झुंबड असते ती पुस्तकांच्या देवघेवीत मिसळली तर जानेवारीनंतर वाटतं वाचनालय बंदच पडलं. पुस्तकांचे पण प्रकार करा, पण पंचवीस नको, कादंबरी, चरित्र, बाल, स्पर्धा परीक्षा, इतर, एवढे पुरे. जास्त रकाने केले की संध्याकाळी सातच्या गर्दीत कोण भरणार? मीच ना.

उपस्थितीवर जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त थापा इथेच मारल्या जातात. लोक पेपर वाचायला येतात आणि सही करत नाहीत, हे मुंबईतल्या प्रत्येक वाचनालयाचं दुखणं आहे. सकाळी आठला येणारे काका तीन पेपर वाचून शब्दकोडं सोडवून जातात (पेनाने, पेपरवरच, त्यावर वेगळं लिहावं लागेल) पण सही म्हटलं की "अगं मला ओळखत नाहीस का?" आणि उलट अभ्यासिकेतली मुलं, एमपीएससीवाली, दिवसातून चार वेळा चहाला खाली जातात आणि दर वेळी आत येताना इमानेइतबारे सही करतात. म्हणजे रजिस्टरमध्ये काका शून्य आणि एक मुलगा चार.

यावर माझा जुगाड सांगते. दादरच्या बाजारात नामजपासाठी बोटात घालायचा छोटा डिजिटल काउंटर मिळतो, बटण दाबलं की एक वाढतो. तो काउंटरच्या टेबलाला दोरीने बांधला. आत येणारा प्रत्येक माणूस, एक क्लिक. चहावरून परत आलेल्याला क्लिक नाही, पण सकाळी येऊन संध्याकाळी पुन्हा आलेल्याला आहे, कारण आपण "भेटी" मोजतोय, माणसं नाही. हा फरक अहवालात शब्दात लिहा: "वाचकांच्या भेटी". कुरिअरवाला, लाइट बिलवाला, कमिटी मेंबर मीटिंगला आलेले, यांना क्लिक नाही. आमचा शिपाई दादा पहिले चार दिवस विठ्ठल विठ्ठल म्हणत दाबायचा, पण आकडा बरोबर यायचा. रात्री बंद करताना आकडा वहीत, काउंटर शून्यावर.

रोज मोजणं खरंच जमत नसेल, एकच माणूस सगळं बघतोय, तर नमुना आठवडा घ्या. अमेरिकेतल्या त्या सर्वेक्षणात ही सूट आहे, फार गर्दीचा नाही आणि फार रिकामा नाही असा एक साधारण आठवडा मोजायचा आणि त्याला ५२ ने गुणायचं. पण मुंबईत एक आठवडा घेऊन चालत नाही हो. जुलैमध्ये पाणी तुंबलं की दोन दिवस शटर अर्ध्यावर, गणपतीत लालबाग-परळच्या रस्त्यावर माणूस हलत नाही तर वाचनालयात कोण येणार, मे महिन्यात मोठे गावाला आणि मुलं मात्र रोज हजर, आणि दादरला असाल तर ६ डिसेंबरचा आठवडा धरूच नका, त्या दिवसांत शिवाजी पार्कला पुस्तकांचे एवढे स्टॉल असतात आणि एवढी माणसं की तिकडचा कुठलाच आकडा "साधारण" नसतो. म्हणून मी चार आठवडे घेते: एक जूनअखेरचा, एक ऑगस्टचा पण सण टाळून, एक दिवाळीनंतरचा आणि एक फेब्रुवारीतला. समजा आले ३९०, २६०, ४१० आणि ३४०. बेरीज १,४००, सरासरी ३५०. वाचनालय वर्षात ५० आठवडे उघडं असेल तर ५० ने गुणा, १७,५००. आणि शेजारी स्पष्ट लिहा "अंदाजे, चार नमुना आठवड्यांवरून". तपासणीच्या साहेबांना अंदाज चालतो, अंदाज कशावरून केला ते कागदावर दिसलं की झालं. मी कच्चे कागद पण फाइलला लावते.

लोक प्रश्न विचारतात, त्याचीही नोंद ठेवता येते. "बाथरूम कुठे", "पुढच्या शनिवारी उघडं आहे का" हे प्रश्न मोजायचे नाहीत. पण "गिरणी संपावर काय वाचू", "जातपडताळणीचा फॉर्म कसा भरतात", "नातवाला मराठी वाचायला शिकवायचंय, कुठल्या पुस्तकापासून सुरू करू" यात आपण डोकं चालवून, शोधून काहीतरी दिलं, तर ती संदर्भसेवा, एक उभी रेघ मारा वहीत. पाच रेघांचा गठ्ठा, जुनी पद्धत. आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय की वाचकाचा वेळ वाचवा, आणि आपण तो रोज वाचवतो पण अहवालात त्याचा एक आकडा नसतो, मला याचं खरंच वाईट वाटतं.

आता कार्यक्रम. इथे आपली वाचनालयं खूप काम करतात आणि सगळ्यात वाईट नोंद ठेवतात. अहवालात काय असतं तर "मराठी भाषा गौरव दिन उत्साहात साजरा करण्यात आला, मोठ्या संख्येने वाचक उपस्थित होते." मोठ्या म्हणजे किती? बारा पण मोठे आणि एकशे वीस पण मोठे.

एक शीट करा. रकाने: तारीख, कार्यक्रमाचं नाव, प्रकार, कोणासाठी, कुठे झाला, किती वाजता सुरू किती वाजता संपला, उपस्थिती, मोजलं कोणी. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे, माणसाचं नाव लिहायचं म्हटलं की माणूस खरंच मोजतो. मोजायचं कधी, तर कार्यक्रम साधारण अर्धा झाल्यावर, मागे उभं राहून, डोकी. खुर्च्या नाही, डोकी. (आम्ही एकदा खुर्च्या मांडल्या साठ म्हणून उपस्थिती साठ लिहिली, फोटोत पुढच्या दोन रांगा सोडून सगळं रिकामं, आणि फोटो आम्हीच जोडला होता.) वक्ता, सूत्रसंचालक, साउंडवाला, आपला स्टाफ आणि हारतुरे घेऊन उभे असलेले कमिटी मेंबर यांना वगळा. फक्त सत्कारापुरते येऊन गेले त्यांचं काय, हा प्रश्न मी देवावर सोडलाय.

किती कार्यक्रम झाले हे मोजताना गोंधळ होतो तो पंधरवड्यात आणि शिबिरात. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, त्यात तुम्ही एक काव्यवाचन, एक निबंध स्पर्धा आणि एक व्याख्यान घेतलं तर ते तीन कार्यक्रम, पंधरवडा हा काही कार्यक्रम नाही, तो मांडव आहे. तसंच १४ ते २० नोव्हेंबरच्या ग्रंथालय सप्ताहाचं. मे महिन्यात पाच दिवसांचं मुलांचं शिबिर घेतलं, नावं नोंदवली २४ मुलांनी, आणि रोज आली २२, २०, २१, १८, १९. तर सत्रं पाच, एकूण उपस्थिती १००, आणि मुलं २४. तिन्ही आकडे खरे आहेत, तिन्ही वेगळे आहेत. शंभर मुलांनी लाभ घेतला असं लिहिलंत तर ती थाप झाली, भले बेरीज बरोबर असो.

पुस्तक प्रदर्शन, भिंतीवरचं "महिन्याचं पुस्तक", बुकमार्क बनवा आणि घेऊन जा असले उपक्रम, ज्यात ठरलेली वेळ नाही आणि समोर कोणी बोलत नाही, ते कार्यक्रमाच्या आकड्यात घालू नका, खाली वेगळी ओळ द्या. अमेरिकेतल्या त्या सर्वेक्षणात पण आता असंच वेगळं काढतात. आणि हॉल भाड्याने दिला, त्यात सकाळी योगाचा क्लास आणि रविवारी सोसायटीची मीटिंग, तर त्याची जमा किर्दीत जाते, उपस्थिती आपल्या अहवालात येत नाही. आमच्या एका उत्साही मेंबरांना हे पटायला दोन वर्षं लागली, कारण योगावाले रोज पन्नास जण असायचे.

बाहेर जाऊन केलेलं काम मात्र जरूर लिहा, शाळेत जाऊन गोष्ट सांगितली, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला महापालिकेच्या शाळेत पुस्तकपेटी नेली, हे सगळं "वाचनालयाबाहेर" या रकान्यात. ऑनलाइन व्याख्यान असेल तर एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण जोडलेले होते तो आकडा घ्या, स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंतर रेकॉर्डिंगला किती व्ह्यूज आले ते वेगळं, कारण तीन सेकंद बघून पुढे गेलेला माणूस पण व्ह्यूच असतो.

शीटबद्दल दोन टिपा, दोन्ही मी ठेच लागून शिकले. आकडे इंग्रजी कीबोर्डने टाका. मी हौसेने सगळे आकडे मराठीत टाइप केले होते, दिसायला सुंदर, आणि बेरीज शून्य, कारण माझ्या शीटने त्यांना अक्षरं धरलं होतं. छापताना मराठी करा. दुसरं, न मोजलेल्या दिवशी शून्य टाकू नका, रकाना रिकामा ठेवा. शून्य म्हणजे मोजलं आणि कोणी आलं नाही, रिकामं म्हणजे मोजलंच नाही. सरासरी काढताना याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारखं वाचनालयाचं सॉफ्टवेअर असेल तर देवघेवीचा रिपोर्ट तयार मिळतो पण लाइट गेलेल्या दिवशी हाताने दिलेली पुस्तकं त्यात चढवलीत का ते बघा.

टॅली वर्षातून एकदा करू नका. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो, रंगनाथनांना हार घालायला सगळे जमतातच, तर त्या दिवशी एप्रिल ते जुलैचे चार महिने जुळवून टाका. पुढचं ग्रंथालय सप्ताहाच्या आधी, एप्रिल ते ऑक्टोबर. मग मार्चमध्ये फक्त शेवटचे पाच महिने उरतात आणि तेव्हा आपण माणसात असतो.

अहवाल लिहिताना मागच्या वर्षीचा आकडा शेजारी द्या आणि फरक मोठा असेल तर एका ओळीत कारण द्या: "रंगकामामुळे तीन आठवडे बंद", "समोर मेट्रोचं काम, प्रवेश मागच्या गल्लीतून". कारण दिलं नाही की वाचणारा स्वतःच कारण शोधतो आणि ते नेहमी आपल्या विरुद्ध असतं. टक्केवारी जपून वापरा, गोष्टीच्या तासाला मागच्या वर्षी आठ मुलं यायची आणि यंदा चौदा, तर ७५ टक्के वाढ लिहायला छान वाटतं, पण सरळ आठ आणि चौदा लिहा, मुलांची नावं सोडून. हो, नावांचं पण, कोणी काय वाचलं आणि कोणाचा फोन नंबर काय याची यादी अहवालाला जोडायची नाही, आणि मुलांचे फोटो पालकांना विचारून.

द्यायच्या आधी बघा: ग्रंथसंख्या, सभासद आणि वर्गणी हे तीन आकडे ऑडिटच्या कागदाशी जुळतात का, अध्यक्ष आणि कार्यवाह दोघांच्या सह्या आहेत का (अध्यक्ष नेमके तेव्हाच मुलीकडे पुण्याला असतात, आधी सांगून ठेवा), शिक्का सुलटा बसलाय का. दोन प्रती न्या, ओसीवर (आपल्याकडे राहणाऱ्या ऑफिस कॉपीवर) पोच घ्या, तारीख आणि आवक क्रमांकासह, आणि खाली उतरल्यावर टपरीवरच तिचा फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाका. आणि १ एप्रिलला नवीन रजिस्टर उघडताना पहिल्या पानावर चार ओळी लिहा, शेवटचा दाखल क्रमांक, शिल्लक ग्रंथ, चालू वर्गणीदार आणि यंदा देवघेवीत मुदतवाढ धरतोय की नाही, म्हणजे मी रजेवर असले तरी बसलेल्या माणसाला फोन करावा लागणार नाही.